एकाआड एक शनिवार

“चहाच्या गाळण्या दाखवा ना. मोठ्या. बारा हव्यात.”

आमोदने पुस्तकातून मान वर केली. भांड्यांच्या दुकानात बसणाऱ्या माणसाने वाचत बसू नये, गिऱ्हाईक दोनदा हाक मारून निघून जातं, असं त्याच्या वडिलांचं, म्हणजे रघुवीरशेठांचं, स्पष्ट मत होतं. महाडच्या बाजारपेठेत हे मत सगळ्यांना ठाऊक होतं. पण ही मुलगी निघून गेली नव्हती. ती काउंटरपाशी उभी राहून उलट्या बाजूने त्याच्या पुस्तकाचं नाव वाचायचा प्रयत्न करत होती.

“बारा?” त्याने विचारलं. “बरेच पाहुणे येणार दिसतात.”

“पाहुणे नाहीत. किडे.”

“किडे… चहाला?”

तिला हसू आलं. आधी ती खाली बघून हसली आणि मग समोर बघून. तेवढ्यात आमोदच्या हातून एक गाळणी खाली पडली.

“मी शुभदा. तुडीलच्या शाळेत विज्ञान शिकवते, दिवाळीनंतरच रुजू झालेय. आमची मुलं दर शनिवारी सकाळी नदीवर जाऊन पाण्यातले किडे मोजणार आहेत. कोणते किडे सापडतात त्यावरून पाणी कसं आहे ते कळतं. पोलादपूरपासून तुडीलपर्यंत सहा शाळा, सगळ्या एकाच दिवशी, एकाच वेळी. बरोब्बर नऊला.”

“आणि किडे गाळणीने धरायचे?”

“खरी जाळी मागवली तर ती उन्हाळ्यात येईल. गाळणी आज मिळते.”

आमोदने एकेक गाळणी उजेडाकडे धरून सगळ्यांत बारीक जाळीच्या बारा निवडल्या. मग त्याच्या मनात एक गोष्ट आली. एरवी मनात आलेली गोष्ट ओठांपर्यंत येताना वाटेत कुठेतरी हरवायची. बी.कॉम. झाल्यापासून सात वर्षं तो या काउंटरमागे बसत होता, आणि आपण बोललो तर लोक हसतील, ही खात्री त्याने शाळेपासून जपली होती. तरी त्या दिवशी तो बोलला.

“बर्फाचे ट्रे घेऊन बघा. पांढरे आहेत. म्हणजे… एकेका किड्याला एकेक खोली. एकमेकांना खाणार नाहीत.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. “तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं.”

यावर काय बोलावं ते आमोदला रात्री जेवताना सुचलं. तोवर ती केव्हाच गेली होती.

पण सोमवारी संध्याकाळी ती पुन्हा आली. आणि त्यापुढच्याही सोमवारी.

“या आठवड्यात किती गाळण्या गेल्या?”

“दोन. एक स्वराजने मोडली, एक नदीने नेली.”

“दोन्ही नदीच्या नावावर घाला, मुलांच्या नको. तिच्याकडून भरून घेता येत नाही.”

ती दुकानातल्या स्टुलावर बसून सांगायची. एक किडा बारीक खडे चिकटवून स्वतःभोवती घर बांधतो. आमोदने त्याचं नाव ‘गवंडी’ ठेवलं. एकाला तीन शेपट्या, तो पाणी चांगलं असेल तरच राहतो, नाहीतर नाक झाडून चालता होतो. त्याचं नाव ‘नाकझाड्या’. पुढच्या शनिवारी मुलांच्या तोंडी तीच नावं होती. “मॅडम, तीन नाकझाडे गावले!” असं रेश्मा नावाची नववीतली मुलगी ओरडली, हे शुभदाने त्याला नक्कल करून दाखवलं. आपण ठेवलेलं नाव तुडीलच्या काठावर कुणी मोठ्याने ओरडतं आहे, या विचाराने आमोदला दोन दिवस उगाचच बरं वाटत राहिलं.

मुलं पाण्याच्या कडेला फार वाकतात, एवढंच एकदा ती बोलता बोलता म्हणाली. पुढच्या सोमवारी बाराही गाळण्यांसाठी हातभर बांबूच्या काठ्या तासून, तारेने बांधायच्या खाचा पाडून तयार होत्या.

“हे कुणी सांगितलं करायला?”

“कुणी नाही. मुलं वाकतात म्हणालात ना…”

“माझं सगळं बोलणं लक्षात ठेवता तुम्ही?”

“दुकानदार आहे. गिऱ्हाइकाला काय हवं ते—”

“गिऱ्हाइकाला?” तिने एक भुवई वर केली.

आमोदने काउंटर पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

आतल्या खोलीतून रघुवीरशेठ खोकले. त्या खोकल्यात बराच अर्थ होता.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी ती सोमवारची वाट न बघता आली. काखेत गुंडाळलेला मोठा कागद होता. तिने तो काउंटरवर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर चार पेले ठेवले.

“रविवारी सहाही शाळांचा मेळावा आहे, इथेच महाडला. पालक येतील, व्यापारी येतील, वर्तमानपत्रवाले येतील. आमच्या मुलांनी काय शोधून काढलंय ते बघा.”

कागदावर आठ शनिवारांचा आलेख होता. मुलांच्या हातचा, रंगीत खडूंनी काढलेला. रेघ वर, खाली, वर, खाली… करवतीच्या दातांसारखी. माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘एकाआड एक शनिवार सावित्री आजारी का पडते?’

“एका शनिवारी वीसबावीस किडे, पाणी नितळ, प्राणवायू भरपूर. पुढच्या शनिवारी किडे दोन नाहीतर तीन, पाणी गढूळ आणि वाढलेलं. त्यापुढच्या शनिवारी पुन्हा छान. एकदाही चुकलं नाही! वरच्या पाच शाळांकडे असं काहीच ठळक नाही. म्हणजे महाड आणि तुडीलच्या मधे कुणीतरी दर पंधरा दिवसांनी नदीत काहीतरी सोडतंय.” तिचे डोळे चमकत होते. “मुख्याध्यापक म्हणाले, पुरावा पक्का असेल तरच बोला. उगाच कुणावर बोट दाखवलंत तर शनिवार बंद. पण हा पुरावा पक्काच आहे ना? मुलं इतकी खूश आहेत, आमोद…”

तिने त्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती, आणि नेमकी तेव्हाच आमोदची नजर पाठीमागच्या भिंतीकडे गेली.

कारण कुणी काहीही सोडत नव्हतं. ती भरती होती.

महाडच्या व्यापाऱ्याला हे शिकावं लागत नाही. पावसाळ्यात दुकानात पाणी शिरणार की नाही हे नुसत्या पावसावर ठरत नाही. खाडीची भरती नदीतून वर चढत महाडपर्यंत येते, आणि ती आडवी आली तरच पुराचं पाणी बाजारात वळतं. म्हणून आमोदच्या पाठीमागच्या भिंतीवर नदीच्या मुखाजवळच्या बाणकोटच्या भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता बारा महिने टांगलेला असे. भरती रोज पाऊण-एक तास उशिरा येते. सात दिवसांत हा उशीर सहा तासांचा होतो. म्हणजे या शनिवारी सकाळी नऊला भरती असेल, तर पुढच्या शनिवारी नऊला ओहोटी. त्याच्या पुढच्या शनिवारी परत भरती. एकाआड एक. करवतीचे दात.

शुभदा पोलादपूरची होती. डोंगरातली. तिथे नदी दगडांवरून उड्या मारत खाली जाते आणि मागे वळून बघत नाही. समुद्र तुडीलपर्यंत पायी येऊन जातो हे तिला कुणी सांगणार?

“कसं झालंय?” तिने विचारलं.

“छान… छान झालंय,” आमोद म्हणाला.

ती कागद गुंडाळून गेली. आमोद उभाच राहिला. आपण कोण तिची चूक काढणारे? ती एम.एस्सी., आपण पेल्यांवर नावं कोरून देणारे. सांगितलं तर ती पुन्हा या स्टुलावर बसायची नाही. आणि नाही सांगितलं तर… रविवारी सभागृहात अर्धी बाजारपेठ असेल. रेश्मा उभी राहून वाचायला लागेल, आणि दुसऱ्याच वाक्याला कुणीतरी मागून म्हणेल, “अगं पोरी, ती भरती!” मग सगळे हसतील. भर वर्गात उभं राहून हसू झेलणं कसं असतं हे आमोदला चांगलं ठाऊक होतं. त्यानंतर माणूस बोलायचाच थांबतो.

त्याने भिंतीवरचा तक्ता खिळ्यासकट ओढला. त्याच्याखाली टांगलेला गेल्या वर्षाचाही घेतला, डिसेंबरच्या तारखांसाठी.

“बाबा, दुकान बघा!”

चवदार तळ्याच्या कठड्याशी त्याने तिला गाठलं. संध्याकाळची माणसं तळ्याभोवती फिरत होती. आमोदला धाप लागली होती.

“त्या आठ शनिवारांच्या तारखा… सांगता?”

तिने सांगितल्या. तो एकेक तारीख तक्त्यावर बोटाने दाखवत गेला. “बाणकोटच्या वेळेत दीडेक तास मिळवायचा. तुडीलला भरती साधारण तेव्हा पोचते. ही बघा पहिली… भरती. दुसरी, ओहोटी. तिसरी…”

पाचव्या तारखेनंतर तिने त्याचं बोट बाजूला केलं आणि उरलेल्या तीन स्वतःच बघितल्या. मग पुन्हा पहिलीपासून आठही बघितल्या.

“दुकानात का नाही सांगितलंत?”

“तुम्ही फार खूश होतात.”

दोन्ही तक्ते तिने नीट घडी करून पर्समध्ये ठेवले आणि चालू लागली. आमोद तळ्याच्या पाण्याकडे बघत राहिला. संपलं, असं त्याने मनाशी म्हटलं. बोलायला नको होतं. पण हे म्हणताना ते पूर्ण खरं नाही हेही त्याला जाणवत होतं.

शुक्रवारी दिवसभर काही नाही. दुकान बंद करताना फोन वाजला.

“भांड्यांचं दुकान शनिवारी उशिरा उघडलं तर चालतं का?” शुभदाचा आवाज होता. सपाट, कामापुरता. “उद्या भरती आहे ना? नऊची एकच नोंद नाही घेणार. साडेसातपासून तीनपर्यंत, दर अर्ध्या तासाला घेणार. पाणी कधी वळतं ते ओळखणारं कुणीतरी हवंय.”

आमोदने फोनवर हात ठेवून वडिलांकडे बघितलं.

“जा,” रघुवीरशेठ म्हणाले. “इथे तरी कुठे असतोस तू!”

तुडीलला एक पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, नदीला मिळतो, तिथे मुलांची जागा होती. सकाळचं धुकं अजून पाण्यावर होतं. बारा मुलं काठावर उभी होती, आणि पऱ्याच्या तोंडाशी नदीचं गढूळ पाणी आत घुसून दगड झाकून बसलं होतं.

शुभदाने मुलांना गोल बसवलं. तिचा चेहरा ओढलेला होता.

“मला एक सांगा. नदीला भरती येते हे तुमच्यापैकी कुणाकुणाला माहीत होतं?”

बाराच्या बारा हात वर झाले.

“आणि आपण आठ शनिवार… आपण नऊ वाजता यायचो तेव्हा कधी भरती असायची, कधी ओहोटी, हेही माहीत होतं?”

“व्हय मॅडम,” रेश्मा म्हणाली. “भरतीला किडं नाय गावत. दगडच बुडतात.”

“मग मला सांगितलं का नाही गं?”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी रेश्माच चाचरत बोलली, “आमाला वाटला, तुमाला म्हाईत हाय. आन् कागदावर रकाना नव्हता ना, मॅडम. ऊन होता, वारा होता, ढग होतं. भरतीचा रकानाच नाय.”

“आणि कुणीतरी घाण सोडतंय असं मी म्हणाले तेव्हा?”

“तुमी मॅडम हाव,” स्वराज म्हणाला. “आमाला वाटला, भरतीत लपून कोन सोडत आसंल.”

आणि मग शुभदा हसू लागली. आधी खाली बघून, मग मुलांकडे बघून… हसता हसता तिने ओढणीने डोळे पुसले. “मी तुम्हाला नदी शिकवत होते,” ती म्हणाली, “आणि तुम्हाला नदीबद्दल एकदाही विचारलं नाही. चला, पहिलं काम. रकाना आखा.”

आमोद पाण्याशी जाऊन बसला. थोड्या वेळाने शुभदा आली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. त्याने आंब्याचं एक पान पाण्यात सोडलं. पान डुलत निघालं. समुद्राकडे नव्हे, महाडकडे. वर.

“अरे… ही उलटी वाहतेय!” ती हळूच म्हणाली. लहान मुलीसारखी ती उकिडवी बसली. “आमच्या पोलादपूरला नदी नुसती जाते. येत नाही कधी.”

“इथे रोज दोनदा येते.”

“आणि तुम्हाला त्याचं काही वाटत नाही?”

“आज वाटतंय,” आमोद म्हणाला, आणि आपण हे मोठ्याने बोललो याचा त्यालाच धक्का बसला.

“गो रेश्मा,” मागून कुणीतरी कुजबुजलं, “आज काय मोजायचा हाय? किडं का ह्या दोघांना?”

“गप रे! ऐकतील ना!”

साडेआठच्या सुमारास आमोदने सोडलेलं नववं पान मधेच थांबलं. जागच्या जागी एक गिरकी घेतली. सगळी मुलं श्वास धरून बघत होती, जन्मभर बघितलेलीच गोष्ट, पण आज पहिल्यांदा मोजण्यासाठी. मग पान आळसावल्यासारखं फिरलं आणि समुद्राच्या दिशेने निघालं. “वळलं!” आमोद ओरडला. इतक्या मोठ्याने तो कधी ओरडलाच नव्हता. शुभदाने घड्याळ बघितलं, रेश्माने वेळ लिहिली.

नऊला दोन किडे. अकराला सहा. बाराला दगडांची डोकी दिसू लागली, पऱ्याचं गोड पाणी त्यांच्यावरून खळखळू लागलं. मुलांनी भाकरी खाल्ली, आमोदलाही दिली. दोन वाजता गाळणीत गवंडी आले, नाकझाडे आले, चतुराचं एक भलंमोठं पिल्लू आलं. अडीच वाजता चोवीस.

“मॅडम, नदी बरी झाली!” स्वराज नाचू लागला. “एका दिसात बरी झाली!”

रविवारी सभागृहात आमोद सगळ्यांत मागे, खांबाला टेकून उभा होता. रघुवीरशेठ मात्र पुढच्या रांगेत बसले होते. बाजारपेठेतली बरीच मंडळी होती. तुडीलची पाळी आली तेव्हा रेश्मा माईकपाशी गेली. तिने हातातला कागद सरळ केला.

“आमची आठ शनिवार चूक झाली,” रेश्मा म्हणाली. “आम्हाला वाटलं, नदी आजारी पडते. ती आजारी नव्हती. भरतीचं पाणी चढत होतं. आम्हाला भरती माहीत होती, पण आम्ही लिहिली नाही. आमच्या मॅडमना मोजणं माहीत होतं, पण भरती माहीत नव्हती. आता आम्ही दोन्ही एकत्र लिहितो. ओहोटीच्या सगळ्या नोंदी वेगळ्या काढल्या, तर आमच्या पऱ्याचं पाणी चांगलं आहे. उद्या कुणी खरंच घाण सोडली, तर आता आम्हाला नक्की कळेल.”

कुणी हसलं नाही. आधी पुढच्या रांगेतून टाळी आली, ती रघुवीरशेठांची होती. मग सगळीकडून. तुडीलचे मुख्याध्यापक उठून म्हणाले की शनिवार चालूच राहतील, आणि भरतीचा रकाना आता महाडच्या शाळेनेही आखावा.

रेश्मा परत माईककडे वळली. “आणखी एक राहिलं. आमची चूक आम्हाला मेळाव्याच्या आधी ज्यांनी सांगितली, त्यांचे आभार. ते मागे खांबाजवळ उभे आहेत.”

सगळ्या माना वळल्या. आमोदला खांबाच्या आत शिरता आलं असतं तर तो शिरला असता.

संध्याकाळी शुभदा पोलादपूरला घरी जायला निघाली. आमोद तिची पिशवी घेऊन एस.टी. स्टँडपर्यंत आला. पिशवी अगदी हलकी होती, पण दोघांपैकी कुणीही ते बोलून दाखवलं नाही. बाकावर दोघं बसली. मधे पिशवी.

“त्या दिवशी तळ्यापाशी तुम्ही रागावून गेलात,” तो म्हणाला.

“रागावले नव्हते.” तिने पिशवीचा बंद सरळ केला. “आजवर ज्यांनी ज्यांनी माझी चूक दाखवली ना, त्यांना ती दाखवताना आनंद होत होता. तुमचं बोट कापत होतं. तारखेवर टेकत नव्हतं. मी घरी गेले आणि… तो भरतीचा तक्ता समोर ठेवला, तरी तासभर मला ते बोटच दिसत होतं.”

आभार कुणाचे मानावेत हेच आमोदला कळत नव्हतं. मुलांचे, वडिलांचे, की आकाशात कुठेतरी बसून समुद्राला ओढणाऱ्या चंद्राचे. आणि आता बोलल्याशिवाय चालणारच नव्हतं.

“तुमच्यामुळे मी बोलायला लागलो,” तो म्हणाला.

“एवढंच?”

पोलादपूरची गाडी फलाटाला लागली. लोक उठले, दारापाशी गर्दी झाली. शुभदा उठली नाही.

“एवढंच नाही.” आमोदने पिशवी उचलून बाकाच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. “माझं… माझं तुमच्यावर प्रेम आहे.”

कंडक्टरने घंटी दिली. गाडी धूर सोडत निघून गेली. शुभदा खाली बघून हसत होती.

“गाडी गेली तुमची,” आमोद म्हणाला.

“दुसरी आहे तासाभराने. तुम्ही काय म्हणालात?”

“ऐकलंत तुम्ही.”

“ऐकलं. पण एका नोंदीवर मी निष्कर्ष काढत नाही.” आता तिने वर बघितलं. “निदान तीन लागतात.”

मग आमोदने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी सावकाश, न अडखळता, शेजारी शेंगा खाणाऱ्या आजीबाईंनी मान वळवून बघितलं तरी न थांबता.

तिसऱ्यांदा ते वाक्य शुभदाने म्हटलं.